मॉडेल विमानाचा सर्व्हो : निवड व दुरुस्ती

रेडिओवर उडणाऱ्या मॉडेल विमानाच्या शेपटीवरील व पंखांवरील झडपा सर्व्हो हलवतो. त्यात छोटी मोटर, दातेरी चक्रे, पोटेन्शिओमीटर आणि सर्किट असते. निवडताना वजन व जोर दोन्ही पाहावेत. फोमच्या छोट्या, हलक्या विमानाला 9 ग्रॅमचा सर्व्हो पुरतो. मोठ्याला जास्त जोराचा, धातूच्या चक्रांचा घ्यावा.

दुरुस्तीला आलेला सर्व्हो आम्ही आधी टेस्टरवर लावतो. 1.5 मिलिसेकंदाच्या सिग्नलवर त्याचा हात मध्यावर यायला हवा. मोटर फिरते पण हात अडखळतो, तर बहुधा चक्राचे दात तुटलेले असतात. त्याच मॉडेलचा गिअर संच बसवावा. हात थरथरत असेल, तर पोटेन्शिओमीटर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करावा. तरीही थरथर राहिली, तर ग्राहकाला स्पष्टपणे नवा घ्यायला सांगावे. चार पैशांसाठी संशयाचा माल परत देऊ नये. बिघडलेले विमान कुणाच्याही डोक्यावर पडू शकते.