उन्हाचे तास मोजा, धानाचं पाणी ठरवा



परतीचा पाऊस गेला की भारी धान निसवण्यात नाहीतर दाणे भरण्यात असतो, आणि बोडीत पाणी मोजकंच. तेव्हा बरेचजण ‘चार दिवस झाले, सोडा पाणी’ या हिशोबाने चालतात. पण बांधीतलं पाणी किती उडेल हे मुख्यतः ऊन ठरवते.

वेधशाळेत काचेचा भरीव गोळा असतो, त्यामागे कागदी पट्टी. ऊन असेपर्यंत पट्टी जळत जाते, ढग आला की थांबते. जळालेली रेघ मोजली की उन्हाचे तास मिळाले. आपल्याकडे गोळा नाही, सावली तर आहे! धुऱ्यावर काठी रोवा आणि दर तासाला पाहा. सावलीची कड स्पष्ट दिसली तर तो तास उन्हाचा धरा.

तासांवरून जमिनीवर पोचलेली ऊर्जा काढायची रीत आंगस्ट्रॉम यांनी १९२४ मध्ये मांडली, १९४० मध्ये प्रेस्कॉट यांनी ती सुधारली. आपण तिला *पाव-अर्ध्याचा हिशोब* म्हणू.

उन्हाचे तास भागिले दिवसाची लांबी. त्याचं अर्धं करा. त्यात पाव (०.२५) मिळवा. मग वातावरणाच्या वर येणाऱ्या ऊर्जेने गुणा.

पाव कशाला? ऊन अजिबात पडलं नाही तरी ढगांतून साधारण तेवढी ऊर्जा खाली येतेच.

चंद्रपूरसाठी ऑक्टोबरच्या मध्यात दिवस ११.५ तासांचा आणि वरची ऊर्जा चौरस मीटरला रोज ८.८ युनिट (वीजबिलातलंच युनिट, ऊर्जानगरवाल्यांना वेगळं सांगायला नको).

९ तास ऊन: ९ ÷ ११.५ = ०.७८, अर्धं ०.३९, अधिक ०.२५ = ०.६४. गुणिले ८.८ = *५.६ युनिट*.
२ तास ऊन: याच रीतीने *३ युनिट*.

एका युनिटात जवळपास दीड लिटर पाण्याची वाफ होते. ओल्या, हिरव्या बांधीत ढोबळमानाने निम्मी ऊर्जा या कामी जाते असं धरा. म्हणजे एकरी रोज उघडीपीत सुमारे साडेसोळा हजार लिटर, ढगाळ दिवशी नऊ हजार. झिरपणारं पाणी वेगळं. चार दिवस ढगाळ गेले तर तीस हजार लिटर बोडीतच राहते, आणि दाणे भरताना तेच कामी येते.

सौर पंपालाही हेच लागू. ५.६ युनिट म्हणजे पॅनलला साधारण साडेपाच तास पूर्ण जोर, ढगाळ दिवशी तीनच. पंप दिवसभर फिरताना दिसला म्हणून पाणी तेवढंच आलं असं समजू नका.

हरभऱ्यासाठी डिसेंबरचे आकडे: दिवस १०.८ तास, वरची ऊर्जा ७.१ युनिट. हरभरा लहान असताना जमीन उघडी असते, तिथे निम्म्याचा हिशोब लावू नका. धुरकट हवेत उत्तर थोडं जास्त येते. पॅनलवर राख-धूळ बसली असेल तर आधी ती धुवा.

आठ दिवसांचे तास लिहून कंपनीच्या नंबरवर पाठवा, सोबत बांधीचं क्षेत्र कळवा. आकडा काढून देतो.