संवेगाची वही: आत्याचे कानमंत्र

ये बाळा, वही घेऊन जवळ बस. या धड्यातल्या झाडून सगळ्या चुका मी करून झाल्यात, म्हणून तू कुठे अडखळशील ते मला आधीच दिसतं.

१. आधी बाण काढ, मग आकडा लिही — संवेगाला दिशा असते. २ किलोची गाडी उजवीकडे आणि १ किलोची डावीकडे, दोघी सेकंदाला ३ मीटरने निघाल्या, तर बेरीज ९ नाही, ३. बाणाविना बेरीज म्हणजे वेसणीविना बैल.

२. ग्रॅमचे किलो पहिल्याच ओळीत कर — शेवटावर ढकललेलं काम परीक्षेत राहूनच जातं.

३. हिशेबातल्या वस्तूंभोवती कुंपण आख — बाहेरच्या बलांची बेरीज शून्य असेल, तरच आतला एकूण संवेग टिकतो. कुंपण आधी, राखण मागून.

४. संवेग टिकला म्हणून गतिज ऊर्जाही टिकली असं धरू नकोस — त्याच गाड्या धडकून चिकटल्या, तर सेकंदाला १ मीटरने जातील, पण १३.५ ज्यूलपैकी १.५ च उरतील, बाकीचे उष्णतेत, आवाजात आणि पोचे पडण्यात जातील.

५. झेल घेताना हात मागे ने — सेकंदाला ३० मीटरने आलेला १६० ग्रॅमचा चेंडू ०.०१ सेकंदात थांबवलास तर हाताला सरासरी ४८० न्यूटन, ०.१ सेकंदात थांबवलास तर ४८.

६. कोनीय संवेग काढायचा तर कोणत्या बिंदूभोवती ते आधी लिही — सरळ जाणाऱ्या चेंडूलाही बाजूच्या खांबाभोवती कोनीय संवेग असतो. खुंटा ठरला, की जात्याचा हिशेब लागला.

७. फिरत्या खुर्चीवर हात पसरून बस आणि मग छातीशी घे — वस्तुमान आसाजवळ आलं, की कोनीय संवेग तोच राखायला फिरण्याचा वेग वाढतो. हात ओढताना तू कार्य करतेस, म्हणून ऊर्जाही वाढते.

८. शंका आली तर पृथ्वीकडे बघ — जानेवारीत ती सूर्यापासून १४.७१ कोटी किमीवर असताना सेकंदाला ३०.२९ किमीने धावते, जुलैत १५.२१ कोटींवर २९.२९ ने. त्या दोन टोकांना वेग अंतराशी काटकोनात असतो. दोन्ही गुणाकार करून बघ, जवळजवळ सारखेच येतील.

तो गुणाकार आजच स्वतःच्या हाताने कर, बाळा. हाताने पडताळलेला नियम पाठ करावा लागत नाही.