उंची वाढली, उडी चुकली

शालेय जिम्नॅस्टिक्स स्पर्धांचा हंगाम सरत आला की माझ्या दवाखान्यात एका ठराविक वयाच्या मुली येऊ लागतात. वय बारा-तेरा. आजार म्हणावा असा काहीच नसतो. तक्रार असते ती बरोबर आलेल्या आईची किंवा वडिलांची. मागच्या वर्षी जिल्ह्यात पहिली आलेली मुलगी यंदा बीमवर नेहमीची कोलांटी घेतानासुद्धा घसरते. ‘डॉक्टर, हिचे लक्षच लागत नाही.’ ‘अंग जड झाले आहे, काहीतरी औषध द्या.’ आणि हल्ली वारंवार ऐकू येणारे, ‘सर म्हणतात, रात्रीचे जेवण बंद करा.’ आजचा लेख या शेवटच्या वाक्यासाठी आहे.

मुलीची उंची सर्वांत झपाट्याने वाढते ती साधारण साडेअकरा-बाराव्या वर्षी. त्या काळात वर्षाला आठ सेंटीमीटरच्या आसपास वाढ होते. पाळी त्यानंतर साधारण वर्षभराने येते. मात्र सगळे शरीर एकाच वेळी वाढत नाही. आधी पावले आणि पाय लांबतात, धड मागाहून येते. लांबलेल्या हाडांना पेलेल अशी स्नायूंची ताकद तर आणखी काही महिन्यांनी येते. आपले पाय कुठे संपतात याचा जो अंदाज मेंदूने वर्षानुवर्षांच्या सरावाने बसवलेला असतो, तो या काळात रोज थोडा थोडा चुकू लागतो. बीमची रुंदी असते अवघी दहा सेंटीमीटर. तिथे असा अंदाज चुकून कसे चालेल?

थोडे गणित करू. समजा, एका मुलीची उंची 140 सेंटीमीटरवरून 154 झाली, म्हणजे 10 टक्के वाढली, आणि शरीराची ठेवण तीच राहिली. स्नायूंची ताकद त्यांच्या जाडीवर अवलंबून असते, ती वाढेल सुमारे 21 टक्के. वजन वाढेल 33 टक्के. आणि हवेत गिरकी घेताना शरीर जो विरोध करते, तो वाढेल तब्बल 61 टक्के. हा पदार्थविज्ञानाचा साधा हिशेब आहे, त्यात आळस कुठेच बसत नाही. गेल्या वर्षीच्या जोरावर या वर्षीची कोलांटी पुरी होत नाही, ती यामुळे. स्नायू भरले, नव्या मापाचा सराव झाला की बहुतेक मुलींची गाडी पुन्हा रुळावर येते. त्याला सहा महिने लागतात, कुणाला वर्ष-दीड वर्षही लागते.

याच सुमारास इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे मांड्या आणि नितंब भरू लागतात. आजीबाईंच्या भाषेत मुलगी अंगाने भरते. ही चरबी म्हणजे खाण्यातली चूक नव्हे, पाळी सुरू होण्याची आणि टिकण्याची ती तयारी असते. ती घालवण्यासाठी जेवण तोडले तर शरीर स्वतःच काटकसर सुरू करते. मेंदूकडून बीजकोशांकडे जाणारे संदेश मंदावतात, पाळी लांबते किंवा आलेली बंद होते, इस्ट्रोजेन घटते. हाडांत सर्वांत जास्त कॅल्शियम भरले जाण्याची वर्षे नेमकी हीच असतात. मोठेपणीच्या हाडांतील खनिजांचा जवळजवळ चौथा हिस्सा या दोनेक वर्षांत जमा होतो. त्या काळात उपास घडला तर खुराकाविना कसरत करणाऱ्या या मुलीच्या हाडाला साध्या सरावातही बारीक तडा जाऊ शकतो. अन्न कमी आणि श्रम जास्त यातून उद्भवणाऱ्या या सगळ्या बिघाडाला 2014 साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी स्वतंत्र नाव दिले. दुखणे मात्र जुनेच आहे. क्रिस्टी हेनरिच ही अमेरिकेची नामांकित जिम्नॅस्ट वजनाच्या धास्तीने खाणेच सोडत गेली आणि 1994 साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, एकामागून एक अवयव निकामी होऊन दगावली.

पालकांचा दुसरा नेहमीचा प्रश्न, ‘जिम्नॅस्टिक्सने मुलगी बुटकी राहील का?’ आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाच्या वैज्ञानिक आयोगाने यासाठी तज्ज्ञ बसवले होते. उपलब्ध अभ्यासांचा त्यांनी घेतलेला आढावा 2013 साली प्रसिद्ध झाला. कसून केलेल्या सरावाने प्रौढपणीची उंची खुंटते असे त्यांना आढळले नाही. मग मोठ्या स्पर्धांत सगळ्या ठेंगण्या मुलीच का दिसतात? कारण या खेळात ठेंगण्या, उशिरा वयात येणाऱ्या मुली टिकतात, बाकीच्या गळतात. बास्केटबॉल खेळून कुणी ताडमाड होत नाही, ताडमाड असतात तेच तिथे निवडले जातात, तसेच हे. मुलीच्या उंचीचा अंदाज घ्यायचा तर आधी आई-वडिलांकडे पाहावे, आणि आईला पाळी कोणत्या वर्षी आली तेही विचारावे.

लहानखुऱ्या मुलींच्या या ओढीला मोठे कारण 1976 चे माँट्रियल ऑलिंपिक. रुमानियाच्या चौदा वर्षांच्या नादिया कोमानेचीने तिथे पूर्ण दहा गुण मिळवले आणि जगभरचे प्रशिक्षक तशाच बाहुलीएवढ्या मुली शोधू लागले. पुढे किमान वयाची अट वाढत गेली, 1981 पासून पंधरा आणि 1997 पासून सोळा वर्षे. मग वय लपवणे आले. सिडनी ऑलिंपिकमध्ये (2000) चीनच्या संघातील एक मुलगी चौदाच वर्षांची होती असे सिद्ध झाल्यावर 2010 साली त्या संघाचे कांस्यपदक काढून घेतले गेले. (आपल्याकडे शाळेत नाव घालताना सोयीची जन्मतारीख लिहिण्याची खोड जुनी आहे, त्यामुळे आपण चीनला फार हसू नये.)

पण ‘पाळी आली, खेळ संपला’ ही समजूत आता पार मोडली आहे. त्रिपुराची दीपा कर्माकर 2016 साली रिओमध्ये प्रोदुनोव्हासारखी धोक्याची व्हॉल्ट मारून चौथी आली, तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. 2024 साली तिने आशियाई स्पर्धेत व्हॉल्टचे सुवर्णपदक घेतले ते तिसाव्या वर्षी. सिमोन बाइल्स पॅरिसला सर्वसाधारण विजेती ठरली सत्ताविसाव्या वर्षी. उझबेकिस्तानची ओक्साना चुसोवितिना तर आई झाल्यानंतरही खेळत राहिली आणि 2021 साली टोकियोत शेहेचाळिसाव्या वर्षी उतरली.

मुलांचे गणित उलटे असते. त्यांचा वाढीचा भर चौदाव्या वर्षाच्या सुमारास येतो, पाठोपाठ टेस्टोस्टेरॉनमुळे खांदे-दंड भरतात आणि रिंगांवरचे काम सोपे होत जाते. म्हणून चौदा वर्षांखालील गटात लवकर वयात आलेला मुलगा बाजी मारतो आणि उशिरा वाढणारा हिरमुसतो. दाखल्यावरचे वय एकच, शरीराचे वय दोन-तीन वर्षांनी वेगळे. आपल्या शालेय स्पर्धांचे 14, 17 आणि 19 वर्षांखालील गट दाखला पाहतात, शरीर पाहत नाहीत.

घरी एक सोपी गोष्ट करता येईल. दर तीन महिन्यांनी, सकाळी, अनवाणी उभे करून मुलीची उंची दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने नोंदवा. तीन महिन्यांत दोन सेंटीमीटर किंवा अधिक वाढ दिसली तर सरांना जाऊन सांगा. तेवढे महिने नव्या अवघड उड्या थांबवाव्यात, जमिनीवर आदळणारे सराव कमी करावेत आणि ताकद, लवचिकता व पायाभूत कसरतींवर भर द्यावा. रोजचा वजनकाटा बंद. सरावाला उपाशीपोटी पाठवू नका. भाकरी-उसळ, दूध, अंडे, गूळ-शेंगदाण्याचा लाडू, यात महागडे काही नाही. डब्यावरच्या पावडरींची गरज मला अजून तरी कुठल्या मुलीत दिसलेली नाही. थकवा असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्या, या वयात ते 12 च्या खाली गेले की उपचार हवेत.

तेराव्या वर्षापर्यंत छातीची वाढ सुरू झाली नाही, पंधरा पूर्ण होऊनही पाळी आली नाही किंवा सुरू झालेली पाळी तीन महिने चुकली, तर ‘खेळाडू मुलींचे असेच असते’ म्हणून सोडून देऊ नका. तपासणी करा. मागे वाकताना कंबर दुखणे दोन-तीन आठवड्यांहून जास्त टिकले तरीही दाखवा, मणक्याचा बारीक तडा साध्या एक्स-रेमध्ये सुरुवातीला दिसेलच असे नाही. टाच दुखणे त्या मानाने साधे, विश्रांतीने बरे होते. मनगटाचे मात्र जपावे. तळहातावर भार देताना अंगठ्याच्या बाजूला दुखत असेल तर हाडाच्या टोकाची वाढीची कूर्चा दुखावलेली असू शकते. अशा वेळी क्रेप बँडेज गुंडाळून स्पर्धेला उतरवू नये. दुखणे पूर्ण थांबेपर्यंत, बहुधा काही आठवडे, हातांवर भार नको. पायांचे आणि पोटाचे व्यायाम तेवढ्या काळात खुशाल चालू ठेवावेत.