खोलीवरचे जेवण

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. आमच्या प्रयोगशाळेत बी.एस्सी.चा एक विद्यार्थी प्रयोग करता करता टेबलाचा आधार घेत खाली बसला. घेरी आली होती. पाणी दिले, खुर्चीत बसविले. "काय झालं न्हाई सर, सकाळी नुसता च्या घेतलेला," एवढेच तो म्हणाला. दवाखान्यात रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन ९ निघाले. त्याच्या वयाच्या मुलाचे ते निदान १३ असावयास हवे. डॉक्टरांनी लोहाच्या आणि जंतांच्या गोळ्या लिहून दिल्या व मला बाजूला घेऊन विचारले, "हा मुलगा जेवतो काय, याची कधी चौकशी केलीत का?" केली नव्हती.

मग केली. खानापूर तालुक्यातील हा मुलगा दोघा मित्रांबरोबर बेळगावात खोली घेऊन राहतो. सकाळी चहा-बिस्किटे, दुपारी वडापाव, रात्री पांढरा भात आणि लोणचे, त्यावर पुन्हा चहा. घरून येणारे पैसे भाडे आणि फी यांतच संपतात, हे खरे. परंतु खोलीच्या कोपऱ्यात एक पिशवी होती. आईने दिलेले नाचणीचे पीठ तीत तसेच पडून होते, त्याला जाळी धरली होती. शेजारच्या डब्यातील शेंगदाण्यांनाही हात लागलेला नव्हता. "नाचणीची भाकरी केली की पोरं हसतात सर," तो खाली मान घालून म्हणाला.

हा लेख त्या पिशवीमुळे लिहीत आहे. मी आहारशास्त्राचा माणूस नव्हे, रसायनशास्त्र शिकवितो. परंतु वजनामापांचा हिशेब मला येतो, तो मांडतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली केलेल्या शिफारशींनुसार प्रौढ माणसाला शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ६५ किलोच्या पुरुषाला ५४ ग्रॅम, ५५ किलोच्या स्त्रीला ४६ ग्रॅम. आता पाव किलो ज्वारीच्या पिठाच्या साधारण चार भाकऱ्या होतात. त्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. ५० ग्रॅम शेंगदाण्यांत १२, आणि ७५ ग्रॅम डाळीत अथवा कडधान्यात १६. बेरीज ५३ झाली, आणि अजून भात पानात पडलाच नाही. दीडशे ग्रॅम तांदळाचा भात आणि दिवसभरात चार लहान चमचे तेल धरले, की प्रथिने साठाच्या वर जातात व उष्मांक दोन हजारांच्या थोडे पुढे. बैठे काम करणाऱ्या पुरुषाला साधारण २१०० उष्मांक पुरतात. या हिशेबात दुधाचा थेंब नाही, अंडे नाही, आणि व्यायामशाळेत जाणारी आपली मुले ज्या डब्यावर महिन्याचे पैसे घालवितात ती भुकटीही नाही. दहा रुपयांच्या बिस्किटांच्या पुड्याइतक्याच पैशांत मूठ-दोन मुठी शेंगदाणे येतात. पोटात मैदा आणि साखर घालायची की दाणे, एवढाच तेथे प्रश्न असतो.

मात्र नुसत्या बेरजेवर विसंबता येत नाही. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते. ते कडधान्यांत भरपूर असते. उलट कडधान्यांत मिथिओनिन कमी, ते धान्यांत मिळते. भाकरी-आमटी किंवा भात-वरण ही जोडी म्हणूनच टिकली असावी. शेंगदाण्यातही लायसिन कमीच असते. तेव्हा 'चटणी आहे, उसळ कशाला?' हे म्हणणे बरोबर नाही. पण चटणीचा दुसराच एक गुण आहे. दख्खनच्या पठारावर जवळजवळ केवळ ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत पूर्वी पेलाग्रा हा रोग आढळे. उन्हाने कातडी काळवंडून सुटते, जुलाब लागतात, पुढे बुद्धीवरही परिणाम होतो. नायसिन या जीवनसत्त्वाची उणीव हे त्याचे कारण. ज्वारीतील ल्युसिनच्या अधिक प्रमाणामुळे असे होते, असा विचार सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० साली मांडला. त्यावर पुढे मतभेद झाले. परंतु शेंगदाण्यात नायसिन भरपूर असते याबद्दल दुमत नाही. भाकरीवर शेंगांची चटणी पडली की ज्वारीची ही खोड बरीचशी भरून निघते. या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांच्या घरी हीच भाकरी 'जोळद रोट्टी' होते, जवस 'अगसी' होते आणि कारळे 'गुरेळ' होतात, ताट तेच.

नाचणीला हसणाऱ्या मुलांसाठी एक आकडा : १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तेवढ्याच वजनाच्या दुधात सुमारे १२०. ते सगळे अंगी लागत नाही, कारण धान्यातील फायटिक आम्ल त्याला धरून ठेवते. पीठ रात्री ताकात भिजवून सकाळी आंबील केली, तर आंबण्याने हे आम्ल कमी होते. एक पातेले, एक शेगडी, दहा मिनिटे. भाकरी थापता न येणाऱ्यालाही जमते.

मटकी वा मूग रात्री भिजवावेत, सकाळी पाणी काढून ओल्या फडक्यात बांधून खिडकीला टांगावेत. रात्रीपर्यंत मोड दिसू लागतात. मोड आल्याने फायटिक आम्ल घटते आणि कडधान्यात मुळात जवळजवळ नसलेले क-जीवनसत्त्वही तयार होते. त्यावर लिंबू पिळले की वनस्पतीतील लोह अधिक शोषले जाते. लिंबू पातेले उतरविल्यावरच पिळावे, उकळीत क-जीवनसत्त्व नाश पावते. लिंबू महाग असेल तेव्हा पेरू खावा. त्यात संत्र्याच्या कितीतरी पट क-जीवनसत्त्व असते. मेथी, पोकळा, राजगिरा या भाज्या संध्याकाळी बाजार उठण्याच्या वेळी निम्म्या भावात मिळतात. शेवग्याचा पाला तर कोणाच्याही परसात असतो, मागितला तर कोणी नाही म्हणत नाही.

गुळाने रक्त वाढते असे आपण घरोघर ऐकतो. गुळात लोह असते, पण दाण्याबरोबर खातो त्या एका खड्यातून मिळते ते फारच थोडे. गूळ चवीसाठी खावा, औषध म्हणून नव्हे.

भाकरी, उसळ, चटणी यांतून एक गोष्ट अजिबात मिळत नाही, ती म्हणजे ब-१२ जीवनसत्त्व. त्यासाठी रोज दूध-दही हवे, किंवा खाणाऱ्याने अंडे, सुकी मासळी घ्यावी.

काही घरमालक खोलीत शेगडी पेटवू देत नाहीत. तेथे फुटाणे, भिजविलेले दाणे, दहीपोहे, मोडाचे मूग आणि लिंबू यांवर एक वेळ भागविता येते. भाकरी विकत देणाऱ्या बायका आता पुष्कळ गल्ल्यांत आहेत, त्यांच्याकडून दुसरी वेळ. हे घरच्या जेवणासारखे होत नाही, आणि रोज असे जेवणाऱ्याचा जीव विटतो, हेही मी नाकारीत नाही. दोघातिघांनी मिळून डाळ, पीठ, तेल भरले तर खर्चही कमी येतो आणि कंटाळाही.

त्या मुलाने गोळ्या तीन महिने नेमाने घेतल्या. एवढ्या खाली गेलेले रक्त नुसत्या जेवणाने भरून येत नाही. दिवाळीनंतर हिमोग्लोबिन १२ च्या वर होते. घरून नवे पीठ आले आहे. आता आंबील तिघेही पितात, आणि हसणाऱ्यांपैकीच एकजण ताक आणतो. चहा जेवणाबरोबर घेतला तर लोहाचे शोषण घटते, हे मी त्याला दोनतीनदा सांगितले. चहा त्याने सोडलेला नाही. जेवण झाल्यावर घड्याळ लावून तासभर थांबतो आणि मग पितो.