टेस्टलाही खराच डेटाबेस

नव्या टीममध्ये डेटाबेस लेयरच्या इंटिग्रेशन टेस्ट तुझ्याकडे आल्यात ना, मग मावशीचं चार गोष्टींत ऐक.

प्रॉडक्शनला पोस्टग्रेस असेल तर टेस्टलाही पोस्टग्रेसच, आणि आवृत्तीही तीच. एचटू मेमरीत झटकन उभा राहतो, त्याला पोस्टग्रेससारखं वागायला लावणारा मोडही आहे. पण ते सोंग वरवरचं. जेसनबीचे ऑपरेटर किंवा पार्शल इंडेक्स आला की अडतं. मग टेस्ट हिरवी व्हावी म्हणून लोक चांगली क्वेरी मोडून साधी करतात, याचं मला फार वाईट वाटतं. टेस्टकंटेनर्स घे. ते डॉकरमध्ये खरा डेटाबेस उभा करतं, काम झालं की आवरूनही टाकतं. इमेजचा टॅग नेमका लिही, 'लेटेस्ट' नको. कंटेनर स्टॅटिक ठेव आणि सगळ्या क्लासना तोच वापरू दे, नाहीतर वेळ सगळा चालू-बंद करण्यातच जातो. स्प्रिंग बूट 3.1 पासून सर्व्हिसकनेक्शन हे ॲनोटेशन लावलं की यूआरएल, पासवर्ड हातानं जोडावे लागत नाहीत. प्रोजेक्ट 3.4 च्या आधीचा असेल तर डेटाजेपीएटेस्ट तुझा डेटाबेस काढून एम्बेडेड लावू पाहील. त्याला स्पष्ट मनाई कर.

टेबलं हायबरनेटकडून बनवून घेऊ नकोस. फ्लायवेच्या स्क्रिप्टनीच बनव, हायबरनेटला फक्त पडताळू दे. म्हणजे स्क्रिप्टचीही परीक्षा होते.

आता खरी फसगत होते ती जागा. टेस्टवर ट्रान्झॅक्शनल असलं की शेवटी रोलबॅक होतो आणि डेटाबेस स्वच्छ राहतो. सोयीचं आहे, पण आयडी सीक्वेन्समधून येत असेल तर सेव्ह केल्यावर इन्सर्ट लगेच जात नाही, फ्लशची वाट पाहतो. फ्लश झालाच नाही तर युनिक कन्स्ट्रेंट मोडलेला कुणाला कळतच नाही. आयडीवरून परत वाचलंस तरी उत्तर पर्सिस्टन्स कॉन्टेक्स्टमधून येतं, टेबलापर्यंत कुणी जातच नाही. म्हणून सेव्हनंतर फ्लश, मग क्लिअर, मग वाचन. ही सवय हाताला लागू दे. शिवाय टेस्टभर सेशन उघडं असल्यानं लेझी लोडिंगची चूक झाकली जाते, आणि कमिटनंतर चालणारे लिसनर चालतच नाहीत. अशा तपासणीला रोलबॅक सोड, खरा कमिट कर आणि प्रत्येक टेस्टआधी टेबलं रिकामी कर. नंतर नव्हे, आधी. म्हणजे टेस्ट फसली तर डेटा बघायला शिल्लक राहतो.

टेस्टचा डेटा 'एबीसी' नको, मराठी नावं घाल. ओरॅकलमध्ये व्हारचार-टूची लांबी, वेगळं सांगितलं नाही तर, बाइटमध्ये मोजतात, आणि यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट खातं. 'ज्ञानेश्वर' हे एकच नाव 30 बाइटचं. पुढे आडनाव आलं की 30 चा कॉलम भरून वाहिला. पोस्टग्रेस मात्र चिन्हं मोजतो.

मेव्हनमध्ये या टेस्टच्या क्लासनावाच्या शेवटी 'आयटी' लाव आणि त्या फेलसेफकडे दे. मग सीआयवर 'व्हेरिफाय' चालव. 'इंटिग्रेशन-टेस्ट' फेजपाशी थांबलीस तर टेस्ट पडूनही बिल्ड यशस्वी दिसेल.