नियमांचा मसुदा व शेतकऱ्यांची हरकत

कायदा व नियम एकच होत, अशी आमच्या पुष्कळ शेतकरी बंधूंची समजूत आहे. वस्तुतः कायदेमंडळ बहुधा चौकट तेवढी आखून देते. परवाना कोणी द्यावा, डब्यावरील चिठ्ठीवर काय छापावे, इत्यादी रोजच्या व्यवहाराच्या गोष्टी सरकारी खाते मागाहून नियमांनी ठरविते. कीटकनाशकांचा कायदा 1968 चा, परंतु त्याचे नियम झाले 1971 साली.

या कायद्याच्या 36 व्या कलमाने नियमांचा मसुदा आधी प्रसिद्ध करण्याची अट घातली. अशी अट असता काय करावयाचे, हे 1897 च्या जनरल क्लॉजेस ॲक्टाच्या 23 व्या कलमात सांगितले आहे. मसुदा छापावा, विचाराची तारीख जाहीर करावी, आणि त्या तारखेच्या आत आलेल्या हरकती व सूचना ध्यानात घ्याव्या. याच कलमाची शेवटची मेख मात्र पुष्कळांच्या नजरेतून सुटते. नियम राजपत्रात अंतिम प्रसिद्ध झाला, की तो रीतसर झाल्याचा तो निर्णायक पुरावा ठरतो. मग ‘आम्हांस विचारले नाही’ ही तक्रार फारशी चालत नाही.

मे 2020 मध्ये केंद्र सरकारने 27 कीटकनाशकांवर बंदी घालणाऱ्या हुकुमाचा मसुदा काढला. हुकूम म्हणजे नियम नव्हे, पण मसुद्याची वाट तीच. हरकती आल्या, मुदत वाढली, आणि 2023 च्या अंतिम हुकुमात त्यांपैकी थोडीच नावे उरली. हरकतीचा हक्क कारखानदारासही आहे, व तो ते विसरत नाहीत! 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व मजूर दगावले. ज्यांच्या अंगावर औषध उडते, त्यांचा कागद दप्तरी नसेल तर त्यांची बाजू कोणी मांडावी?

हरकत लिहिताना मसुद्याचा क्रमांक व तारीख, नियमाचा क्रमांक, होणारी अडचण आकड्यांसह, आणि त्याऐवजी कोणते शब्द हवेत, एवढे द्यावे. नुसता संताप उपयोगी नाही. पोच अवश्य घ्यावी.

नियम झाल्यावर तो संसदेच्या प्रत्येक सभागृहापुढे 30 दिवस ठेवावा लागतो. त्या अवधीत आपल्या खासदारास गाठावे. याहून पुढे संविधानाच्या 226 व्या अनुच्छेदाखाली उच्च न्यायालय आहे. नियम मूळ कायद्याच्या बाहेर जातो, अथवा उघड मनमानीचा आहे, असे दाखविता आल्यास तो रद्द होऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने 1984 साली हे स्पष्ट केले आहे. तो मार्ग खर्चाचा, म्हणून एकट्यादुकट्याने न जाता गावच्या सोसायटीने मिळून जावे हे बरे.