साखळीची कडी

आषाढातील एक सकाळ होती. रात्रभर कोसळलेला पाऊस नुकताच उघडला होता. उल्हास नदीच्या काठच्या एका खेड्यातील मुलगा सायकलवरून कर्जतच्या शाळेला निघाला होता. त्या दिवशी त्याची चाचणी परीक्षा होती. वाटेत चढ लागताच त्याने उभे राहून पायडलवर सारा भार टाकला. तोच खट् असा आवाज झाला, पाय रिकामाच फिरला आणि साखळी उतरून लोंबू लागली. पुन्हा बसवावी, तर पुन्हा उतरे. अखेर सायकल ढकलीत तो नाक्यावरील दुरुस्तीच्या दुकानाशी आला.

"काका, कोणती कडी तुटली आहे तेवढी बदलून द्या. माझी परीक्षा आहे," तो काकुळतीने म्हणाला.

वृद्ध कारागिराने साखळी बोटांनी ताणून पाहिली. "बाळ, एकही कडी तुटलेली नाही. सगळ्याच थोड्याथोड्या झिजल्या आहेत."

मुलाला नवल वाटले. पण कारागिराचे म्हणणे खरे होते. सायकलच्या साखळीत दोन बाजूंना पोलादी पट्ट्या असतात. त्यांना जोडणारी खीळ एका नळीतून जाते, आणि त्या नळीभोवती एक लहानसा रूळ फिरतो. चक्राचा दाता या रुळाला टेकतो. रूळ फिरत असल्यामुळे दात्याशी घासणे पुष्कळ कमी होते. इंग्लंडमधील मँचेस्टर येथे हान्स रेनॉल्ड या मूळच्या स्विस यंत्रज्ञाने 1880 साली अशी साखळी तयार केली. नळीमुळे भार खिळीच्या सबंध लांबीवर वाटला जातो. म्हणून ती पूर्वीच्या साखळ्यांहून अधिक टिकाऊ ठरली.

साखळी एका चक्राची गती दूरच्या दुसऱ्या चक्राला पोहोचवते. सपाट पट्टा ओला झाला की घसरतो. दात्यांत अडकलेली साखळी घसरत नाही. एकमेकांत गुंतलेली दोन दातेरी चक्रे उलटसुलट दिशांनी फिरतात. साखळीने जोडलेली चक्रे मात्र एकाच दिशेने फिरतात. खालापूर तालुक्यातील खोपोलीच्या वीजगृहात 1915 साली वीजनिर्मिती सुरू झाली. लोणावळ्याच्या बाजूने खाली येणाऱ्या पाण्याने तेथील चाके फिरतात. तेथे पाण्याचे चाक व विजेचे यंत्र एकाच आसावर असल्यामुळे मध्ये साखळी लागत नाही. सायकलमध्ये पायडल आणि मागचे चाक यांत अंतर असते. ते अंतर साखळी भरून काढते.

समजा, पुढच्या चक्राला 48 दाते आहेत आणि मागच्याला 16. मग पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक 3 फेरे घेते. सपाटीवर यामुळे वेग मिळतो; चढावर मात्र पायांना अधिक जोर लावावा लागतो. मागे 24 दात्यांचे चक्र बसवले, तर 2 च फेरे होतात. वेग घटतो, पण चढ सोपा होतो. वेग आणि जोर ही दोन्ही एकाच वेळी फुकट मिळत नाहीत. 1863 साली खुल्या झालेल्या बोरघाटाच्या लोहमार्गावरही हाच नियम आहे. तेथे 37 मीटर चालावे तेव्हा गाडी 1 मीटर वर चढते. म्हणून कर्जतला गाड्यांना जादा इंजिने जोडतात.

आता झिजेचा हिशेब पाहा. साखळीत 112 कड्या असतील आणि प्रत्येक सांध्यात केवळ एक दशांश मिलिमीटर झीज झाली असेल, तर सारी साखळी 11 मिलिमीटरांहून अधिक लांबते. मग कड्या दात्यांवर नीट बसत नाहीत, आणि भार पडताच साखळी उसळी घेते.

कारागिराने मागचे चाक किंचित मागे ओढून साखळी ताणली, चिखल पुसला आणि सांध्यांत तेल सोडले. "आजचे काम भागेल. पण लवकरच नवी साखळी घाल, आणि तिला दर आठवड्याला पुसून तेल देत जा."

मुलगा वेळेवर शाळेत पोहोचला. संध्याकाळी घरी परतताना त्याच चढावर त्याला कारागिराचे बोलणे आठवले. साखळीने दगा दिला तो चढावर. परंतु ती झिजत होती ती रोजच्या सपाट वाटेवर.

प्रश्न
1. साखळीतील रुळाचा उपयोग कोणता?
2. एकही कडी तुटली नसताना साखळी का उतरली?
3. पुढे 44 व मागे 22 दाते असल्यास पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक किती फेरे घेईल?